खुर्चीवर बसलेल्याचा डाव



पत्रिकेत विषय छापला आहे, 'हौशी पूल स्पर्धांत व्यावसायिकांनी खेळावं का?' पूल कसा खेळतात हे सांगण्यात वेळ घालवत नाही. टेबल, क्यू, पॉकेट सर्वांनी पाहिलेली आहेत. (मागून आवाज : 'लांबून!' हशा.) लांबून तर लांबून. मला आज टेबलाशेजारच्या खुर्चीबद्दल बोलायचं आहे.

क्रिकेटमध्ये समोर कितीही मोठा गोलंदाज असो, एक चेंडू तरी वाट्याला येतो. कुस्तीत चीतपट होण्याआधी अंगाला माती लागते. पूलचं तसं नाही. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात 'जिंकेल त्याचाच पुढचा ब्रेक', म्हणजे डावाचा पहिला फटका, असा नियम असला, की कसलेला खेळाडू ब्रेक करतो, टेबल साफ करतो आणि पुन्हा ब्रेकला उभा राहतो. प्रवेश फी भरून आलेला दुसरा खुर्चीवर! तरुणपणी मी असाच बसलो आहे. आधी 5 डाव घेईल तो विजयी, असा सामना. माझ्या क्यूच्या टोकाला लावलेला खडू शेवटपर्यंत तसाच राहिला. हरणार हे घरून निघतानाच ठाऊक होतं. खेळायलाच मिळालं नाही, याचं दुःख अजून आहे.

म्हणून व्यावसायिकांवर बंदी घाला, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, 1964 साली पुन्हा झाले. किताब कोणता? जागतिक हौशी अजिंक्यपद. हौशी म्हणजे नवखा, हा आपला समजच चुकीचा आहे.

याच अजिंक्यपदाची 1985 ची दिल्लीतली अंतिम फेरी घ्या. हे सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगतो. एकीकडे चोविशीतले गीत सेठी, दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल, वय 75. मार्शल यांनी हे अजिंक्यपद पहिल्यांदा जिंकलं 1936 साली. सेठींचा जन्म 1961 चा! सामना आठ तास चालला. बिलियर्ड्समध्येही दुसरा गुण करत असतो तेव्हा आपण बसूनच असतो. पंचाहत्तरीचा माणूस उठतोय, टेबलावर वाकतोय, पुन्हा जाऊन बसतोय, आठ तास. (टाळ्या.) जिंकले सेठी. तेच सेठी 1992 मध्ये व्यावसायिक जगज्जेते झाले. आता सांगा, दारात उभं राहून कोणत्या पाटीवरून माणूस अडवायचा?

(अध्यक्षांची चिठ्ठी येते.) पाचच मिनिटं? बरं, हँडिकॅपचा सगळा भाग गाळतो. एवढंच सांगतो की डाव आगाऊ देणं चांगलं, पण त्यानं खुर्ची सुटत नाही. 7 डावांच्या शर्यतीत मला 3 आगाऊ दिले, तरी उरलेले मी बसूनच पाहणार. इलाज ब्रेकमध्ये आहे. एक ब्रेक त्याचा, पुढचा माझा. मग त्यानं 7-0 हरवलं तरी निदान 3 डावांची सुरुवात माझ्या हातून होते.

'आणि बक्षीस?' असं पहिल्या रांगेतून विचारताय. व्यावसायिक जिंकला तर न्यावं त्यानं. नाव लपवून, हात आखडून खेळत आला, तर मात्र त्याला बाहेर काढा. तिथे दयामाया नको.

आपल्यापैकी जे क्लबांच्या समित्यांवर आहेत त्यांना माझी विनंती आहे : पुढच्या स्पर्धेच्या नियमपत्रकातून व्यावसायिकांवरची बंदी खोडा आणि त्या जागी लिहा, 'ब्रेक आलटूनपालटून'.