जुन्या जीपचे डिफरन्शियल घेताना दात मोजा



शेतमाल बाजारात न्यायला आपल्यापैकी काहींनी जुनी फोर-व्हील जीप ठेवली आहे. तिचे मागचे डिफरन्शियल गेले, की आपण जुन्या सामानाच्या बाजारात जातो. दुकानदार सांगतो, "घेऊन जा पाटील, जीपचंच आहे, बसतंय." बसतंय हे खरं, पण चालेल का, ते आधी बघा.

डिफरन्शियलमध्ये मोठे चक्र, म्हणजे क्राऊन, आणि छोटे पिनियन असते. जुन्या विलीज एमबी जीपला क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात. पुढे आलेल्या सीजे-३बीला ४३ आणि ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पहिलीत शाफ्ट ४.८८ वेळा फिरतो, दुसरीत ५.३८ वेळा.

आता पुढे एक आणि मागे दुसरे बसवले, तर काय होईल? साध्या रस्त्यावर काही कळणार नाही. पण पुढचा गिअर टाकला, की एक जोडी १०० फूट जाईल तेवढ्यात दुसरी ११० फूट जाऊ पाहील. चिखलात चाक घसरून वेळ निभावते. कडक जमिनीवर मात्र टायर घासतात, आणि सगळा ताण ट्रान्स्फर गिअर व जॉइंटवर येतो. स्वस्तातला माल मग फार महाग पडतो.

म्हणून एवढे करा :

१. गाडी सपाट जागी घ्या, इंजिन बंद करा. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा. मागचे एकच चाक जॅकवर उचला. गाडीखाली शिरू नका.

२. उचललेले चाक हाताने पुरते दोन फेरे फिरवा. जोडीदाराला बाजूने शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. पाचाला थोडे कमी भरले तर ४.८८, सव्वापाचाहून थोडे जास्त भरले तर ५.३८. पुढच्या चाकाचेही असेच पाहा. सुटा माल असेल, तर सरळ दात मोजा.

३. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या. एक जुने, एक नवे चालत नाही. दात एकमेकांना लागलेले असतात.

४. एक्सलच्या टोकाच्या खाचा आपल्या जुन्या एक्सलशी मोजून जुळवा.

५. बसवताना दातांमधली ढील जाणत्या मिस्त्रीकडूनच लावून घ्या. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच भरा.

बंधूंनो, बैल घेताना आपण त्याचे दात बघतोच. इथेही तेच करा. पैसे मोजण्याआधी दात मोजा.