सातबाऱ्याच्या नकला आणि शेत एकच

तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या दोन नकला काढल्या म्हणून शेतं दोन होत नाहीत, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. कागद दोन झाले, पण दोन्ही कागद घेऊन निघालेली माणसं शेवटी एकाच बांधावर येऊन उभी राहतात. एकाने बांधावरचा आंबा तोडला, तर दुसऱ्याच्या हातातला कागद जसाच्या तसा राहतो. आंबा गेल्याचं त्याला कळतं ते शेतात गेल्यावर.

ही साधी गोष्ट प्रोग्राम लिहिताना मी विसरलो.

एका शिकवणी वर्गाचं वेळापत्रक मी पायथन भाषेत करत होतो. त्यात वेळापत्रक हा एक ऑब्जेक्ट होता. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि ती हाताळायची कामं यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. नॉर्वेतल्या ओल-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला भाषेत ही कल्पना आणली. माझ्या गाठोड्यात सहा वार होते, प्रत्येक वारात तासिका आणि प्रत्येक तासिकेला एक शिक्षक.

‘अ’ तुकडीचं वेळापत्रक जमलं. ‘ब’साठी त्याचीच नक्कल काढून तास पुढे-मागे करू, असं ठरवलं. आता ‘ब बरोबर अ’ एवढंच लिहिलं तर पायथन कशाचीच नक्कल करत नाही, त्याच वस्तूला दुसरं नाव देतो. बाळूला बाळासाहेब म्हटलं तरी माणूस तोच. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी रीतसर कॉपीचा हुकूम दिला, ‘ब’चे तास हलवले आणि दोन्ही तक्ते छापले. दोन्ही अगदी सारखे! सहाही दिवस, प्रत्येक तासाला, दोन्ही वर्गांना तेच शिक्षक.

झालं होतं असं, की गाठोडं नवं बांधलं गेलं, पण आत वार नव्हतेच, वारांचे पत्ते होते. पत्ते उतरवले गेले, वार मात्र तेच राहिले. याला ‘शॅलो कॉपी’ म्हणतात, उथळ नक्कल. सी प्लस प्लसमध्ये हीच चूक आणखी महागात पडते. तिथे दोन ऑब्जेक्ट स्मृतीतल्या एकाच जागेचा पत्ता बाळगून असतात. काम संपलं की दोघेही ती जागा मोकळी करायला जातात, आणि दुसऱ्याची पाळी आली की प्रोग्राम कोसळू शकतो.

मग मी चिडून ‘डीप कॉपी’ केली. आत जे जे सापडेल त्या सगळ्याची नक्कल. पायथन हे काम हुशारीने करतो. कशाची नक्कल झाली याची तो वही ठेवतो, म्हणून एकाच खेपेत त्याच बाई चार तासिकांना भेटल्या तरी चार नवीन बाई तयार होत नाहीत, आणि एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूंमध्ये तो गरगरत राहत नाही. ‘गणित’सारख्या शब्दाची तर तो नक्कलच करत नाही. तिथे मजकूर एकदा लिहिला की बदलता येत नाही, मग वाटून घेतला तर बिघडलं कुठे?

तक्ते वेगळे झाले. पंधरा दिवस सुखात गेले. मग विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या. मी रजा ‘अ’च्या वेळापत्रकातून नोंदवली, आणि तिथे बदली शिक्षक आले. ‘ब’ची मुलं तासभर बसून राहिली. त्यांच्या गाठोड्यात बाईंची स्वतंत्र नक्कल होती, आणि त्या बाई रजेवर गेल्याच नव्हत्या.

खरा घोळ इथे आहे. वार हे वेळापत्रकाच्या मालकीचे असतात. बाई कोणाच्या मालकीच्या नसतात, वेळापत्रक त्यांना फक्त ओळखतं. हा फरक यंत्राला कुठून कळणार? त्याला दोन्ही पत्तेच दिसतात. जावा भाषेत नकलेसाठी ‘क्लोनेबल’ नावाची सोय आहे, पण तिच्या आत एकही पद्धत नाही. नक्कल करणारी ‘क्लोन’ दुसरीकडेच राहते, तीही आडपडद्यात. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ च्या पुस्तकात या व्यवस्थेवर चांगलीच टीका केली आणि नक्कल करणारा कन्स्ट्रक्टर, म्हणजे नवा ऑब्जेक्ट घडवणारा भाग, स्वतः लिहावा असं सुचवलं. मला ते पटतं. वाचलंही होतं. तरी मी तयार हुकमावर विसंबलो.

शेवटी नक्कल करायचं काम मी हातानं लिहिलं, आठ-दहा ओळींचं. वार नवे, तासिका नव्या, शिक्षक तेच. वर एक टीप टाकली आहे, पुढे हा प्रोग्राम उघडणाऱ्यासाठी: ‘बाई एकच आहेत.’