गिपारूच्या चुली का विझल्या?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



प्राचीन संस्कृतींचा विषय निघाला की, राजवाडे, शस्त्रे आणि सुवर्णालंकार यांचेच वर्णन बहुधा ऐकायला मिळते. आज मात्र मी आपल्याला एका स्वयंपाकघरात नेणार आहे. विटांनी बांधलेले प्रशस्त अंगण, कोपऱ्यात विहीर, शेजारी डांबराचा लेप दिलेला पाण्याचा हौद, चिरण्या-कापण्यासाठी विटांचा ओटा आणि त्यावर सुऱ्यांचे वळ. पलीकडे भाकरीची भट्टी आणि मोठी भांडी ठेवण्यासाठी वर गोल तोंडे असलेले चुलाण. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचे हे स्वयंपाकघर निंगल देवीच्या नैवेद्याचे होते. आज ती चूल थंड आहे आणि त्या देवीपुढे हात जोडणारा एकही माणूस पृथ्वीतलावर उरलेला नाही. हे कसे घडले, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

हे स्थळ म्हणजे दक्षिण इराकमधील ऊर. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांच्या संयुक्त मोहिमेने १९२२ ते १९३४ या काळात तेथे उत्खनन केले. प्रमुख होते लिओनार्ड वूली, तर खोदणाऱ्या शेकडो मजुरांचा मुकादम होता शेख हमूदी. चंद्रदेव नन्ना हा ऊरचा ग्रामदेव आणि निंगल त्याची पत्नी. चंद्रदेवाच्या उत्तुंग मंदिर-मनोऱ्याच्या आग्नेयेस वूलींना एक विशाल वास्तू सापडली. प्रत्येक बाजू पाऊणशे मीटरहून अधिक. तिचे नाव गिपारू. चंद्रदेवाच्या प्रमुख पुजारिणीचे हे निवासस्थान. एकाच तटबंदीत निंगलचे मंदिर, पुजारिणीचा वाडा आणि दिवंगत पुजारिणींच्या समाध्या. देव, घर आणि पूर्वज एका छताखाली नांदत होते.

ही पुजारीण सामान्य स्त्री नसे. शकुनाचा कौल घेऊन राजकन्येची त्या पदावर स्थापना होई. १९२७ साली गिपारूत एक भग्न शुभ्र पाषाणचक्र मिळाले. त्यावर पूजाविधीचे दृश्य आणि मागे लेख आहे : एनहेदुअन्ना, नन्नाची पुजारीण, सम्राट सार्गोनची कन्या. काळ इ. स. पूर्व सुमारे २३००. तिच्या नावावरची सूक्ते पुढे कित्येक शतके लेखनशाळांतील विद्यार्थी गिरवीत होते. ज्याचे नाव आपल्याला ज्ञात आहे असा जगातील पहिला साहित्यकार म्हणून अभ्यासक या स्त्रीकडे बोट दाखवतात. एका बंडखोराने तिला पदच्युत करून हाकलले, त्या वेळचा तिचा आक्रोशही एका स्तोत्रात आहे.

येथे आपला संबंध येतो. याच सार्गोनने आपल्या लेखात अभिमानाने नोंदवले आहे की, मेलुहा देशाची जहाजे आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. ऊरमध्ये भारतीय धाटणीच्या मुद्रा सापडल्या आणि १९३२ साली गॅड यांनी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. आपले पूर्वज त्या बंदरात व्यापारी म्हणून, बरोबरीच्या नात्याने वावरत होते.

इ. स. पूर्व २००४च्या सुमारास एलामच्या सैन्याने ऊर उद्ध्वस्त केले. राजा बंदिवान होऊन परमुलखात गेला. गिपारू भुईसपाट झाला. तो पुन्हा उभारला एनअनातुमा या पुजारिणीने. ती इसिनच्या राजाची कन्या. पुढे ऊर लार्साच्या राजाने घेतले, पित्याच्या घराण्याची सत्ता गेली, तरी ही बाई आपल्या स्थानावरून हलली नाही. सिंहासने बदलली, पूजा खंडित झाली नाही. आपण पाहिलेले ते स्वयंपाकघर तिच्याच बांधकामातले.

नंतर एनअनेदू आली. पूर्वीच्या पुजारिणींच्या समाध्यांभोवतीची भिंत ढासळली होती, कोणीही आत शिरत होते. तिने जागा शुद्ध केली, नवी भिंत घातली आणि ते लिहून ठेवले. आपल्या आधीच्या स्त्रियांचे ऋण मानणारी ही कृती मला फार हृद्य वाटते.

आता बाराशेहून अधिक वर्षे पुढे या. बॅबिलोनचा राजा नबोनिडस. इ. स. पूर्व ५५४च्या सप्टेंबरात चंद्रग्रहण झाले. चंद्रदेव पुजारीण मागतो आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ती प्रथा केव्हाच लुप्त झालेली! पुजारिणीने काय नेसावे, कोणते अलंकार ल्यावेत, हे सांगणारे कोणी नव्हते. राजाने शोध घेतला, तेव्हा पूर्वीच्या एका राजाचा शिलापट्ट मिळाला. त्यावर पुजारिणीचे चित्र होते. ते पाहून साज ठरला. एनअनेदूचा लेखही हाती आला. मग राजाने गिपारू नव्याने बांधला आणि आपली कन्या एन्निगाल्दी-नन्ना हिला तेथे बसविले.

तिच्या या वास्तूत १९२५ साली वूलींना एक चमत्कारिक खोली मिळाली. एकाच थरात निरनिराळ्या शतकांतील वस्तू : राजा शुल्गीच्या मूर्तीचा तुकडा, लार्साच्या राजाचा मृत्तिकाशंकू, जुना सीमापाषाण. शिवाय मातीचा एक नळकांड्यासारखा लेख. त्यावर त्याहून सुमारे चौदाशे वर्षे जुन्या विटांवरील मजकुराची नक्कल आणि ती कोणी, का केली याची टीप. वूलींनी याला संग्रहालय म्हटले. काही अभ्यासकांना ते मान्य नाही, पण अनेकजण हे जगातील आद्य संग्रहालय मानतात.

बंधू-भगिनींनो, कौतुक वाटते आणि मन विषण्णही होते. राजकन्येने अवशेष जपले, पण तोवर परंपरा अवशेषच झाली होती. इ. स. पूर्व ५३९मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन घेतले. पुढे फरात नदीने पात्र बदलले, ऊर ओस पडले. सारा डोलारा राजाच्या आधारावर उभा होता. राजा नेमणार, राजा खर्च करणार. तो आधार गेल्यावर चूल पेटवणारे घर उरले नाही.

आपल्याकडे मंदिरे पडली, राज्ये बुडाली, पण देवघरातली समई विझली नाही. कारण ती राजाच्या नव्हे, आईच्या हाती होती. हा अभिमान सार्थ आहे. पण केवळ अभिमान सांगण्यासाठी मी उभा नाही. नबोनिडसची ती अवस्था आपल्या उंबरठ्यावर आलेली नाही ना? जात्यावरच्या ओव्या आज संग्रहात ऐकाव्या लागतात. नऊवारी शिवून आणावी लागते, कारण नेसवणारी आजी राहिली नाही. पेशवे दफ्तरातील अगणित मोडी कागद वाचकांची वाट पाहत आहेत.

वूली १९३८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्या वेळी पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित. वूलींनी अहवालात खात्याच्या उणिवांवर कठोर बोट ठेवले. ते आपल्याला झोंबले असेल, पण त्यातूनच पुढे उत्खननाच्या शिस्तशीर प्रशिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. उणीव ऐकून घेण्याची तयारी हेही संस्कृतिरक्षणाचेच अंग आहे.

म्हणून घरी गेल्यावर एवढेच करा. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि त्यांना येणारी एक गोष्ट शिका. एक ओवी, एक व्रतकथा, नैवेद्याचा एक पदार्थ, मोडीची बाराखडी. लिहून ठेवाच, पण त्याआधी अंगी बाणवा. आपल्या नातवंडांवर आपला पेहराव दगडावर शोधण्याची पाळी येऊ नये.