भिंतीवरचा लिंकन आणि कोर्टातला लिंकन

विधी पदवीधर मित्रहो,

तुमच्यापैकी बहुतेकांची अब्राहम लिंकनशी पहिली गाठ शाळेच्या भिंतीवर पडली असणार. मुख्याध्यापकांना त्याने लिहिलेले म्हणून जे पत्र चौकटीत लावलेले असते, ते वसंत बापटांच्या मराठी शब्दांमुळे घरोघरी पोहोचले. ते पत्र लिंकनने लिहिल्याचा पुरावा मात्र अभ्यासकांना सापडलेला नाही. पत्र चांगले आहे, भिंतीवर राहू द्या. पण आजपासून तुम्ही पुराव्यावर जगणारी माणसे आहात, म्हणून ज्याचे कागद सापडतात त्या लिंकनबद्दल मी बोलणार आहे. त्या कागदांवरून त्याची आणि त्याच्या भागीदारांची पाच हजारांहून अधिक प्रकरणे आज आपल्याला माहीत आहेत.

त्यांतली बहुतेक उसनवारीची. कुणी बैल घेतला आणि पैसे दिले नाहीत, कुणी वचनचिठ्ठी लिहून दिली आणि मुदत उलटली. इलिनॉय तेव्हा वस्तीच्या कडेचा मुलूख होता. रोकड कमी, उधारी फार. लिंकनला हा विषय पुस्तकातून शिकावा लागला नाही. न्यू सेलम गावात भागीदारीत टाकलेले त्याचे दुकान बुडाले होते आणि ते कर्ज तो पुढे कित्येक वर्षे फेडत होता. पोटासाठी त्याने पोस्टमास्तरकी केली, जमिनींची मोजणी केली. एकूण शाळा एक वर्षाचीही नाही. जॉन टॉड स्टुअर्ट नावाच्या वकिलाकडून कायद्याची पुस्तके मागून आणायची आणि वाचायची, एवढेच त्याचे विधी महाविद्यालय. सप्टेंबर १८३६ मध्ये सनद मिळाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो स्प्रिंगफील्डला आला. बिछाना घ्यायलाही पैसे नव्हते. जोशुआ स्पीड या दुकानदाराने त्याला आपल्याच खोलीत आणि आपल्याच पलंगावर जागा दिली.

स्टुअर्टने त्याला भागीदार केले. पण स्टुअर्टचे सगळे लक्ष निवडणुकीकडे, १८३८ मध्ये तो काँग्रेसवर निवडूनही गेला. सिनियर राजधानीत आणि ज्युनिअर एकटा ऑफिसात, हे दृश्य आपल्याकडेही नवीन नाही. १८४१ साली लिंकनने स्टीफन लोगनबरोबर भागीदारी केली. लोगन काटेकोर, प्रकरण बांधून कोर्टात उभे राहायचे ही शिस्त लिंकनला त्याच्याकडून लागली. टापटीप मात्र त्याच्याकडूनही लागली नाही. लिंकन महत्त्वाचे कागद उंच टोपीत ठेवून हिंडे. तुमच्या सिनियरने हे केले तर कौतुक करू नका, झेरॉक्स काढून ठेवा.

त्याची खरी शाळा म्हणजे फिरते न्यायालय. आठव्या सर्किटमध्ये एके काळी चौदा परगणे होते. वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्यामागे वकिलांचा जथा चिखल तुडवत गावोगाव जाई. कोर्ट भरे त्या दिवशी गावातला वकील पक्षकाराला घेऊन लिंकनसमोर उभा राही. तिथल्या तिथे हकीकत ऐकायची, दावा किंवा जबाब लिहायचा आणि काही वेळात ज्युरीपुढे उभे राहायचे. रात्री खाणावळीत एका पलंगावर दोघे-तिघे. डेव्हिस देहाने इतके अवाढव्य की त्यांना एकट्याला पलंग मिळे. सकाळी ज्याच्या अशिलाला साक्षीत उघडे पाडले, त्याच वकिलाशेजारी रात्री झोपायचे, आणि पुढच्या गावी त्याच्याच जोडीने वकीलपत्र दाखल करायचे. माझ्या मते लिंकन राजकारणात जे काही शिकला, त्यातले निम्मे या खाणावळींत शिकला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतकेच नीट मांडता येणे ही सवय व्यासपीठावर लागत नाही.

फीबद्दलही सांगतो, कारण तुमचे पालक समोर बसले आहेत. १८५६ मध्ये एका गृहस्थाने कामाचे पंचवीस डॉलर पाठवले. लिंकनने पंधरा पुरेत म्हणून दहा परत केले. त्याच सुमारास इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीला त्याने कराच्या मोठ्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन वाचवले आणि पाच हजार डॉलर मागितले. कंपनी कुरकुरली. त्याने कंपनीवरच दावा लावला, पैसे वसूल केले आणि नंतरही तिचीच प्रकरणे चालवली. गरिबाला सवलत देणारे वकील मी खूप पाहिले. मोठ्या अशिलाकडे आपले पैसे ताठ मानेने मागणारे कमी.

आता चौकटीत न मावणारे प्रकरण. १८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल या अपिलात, रंग कोणताही असो, इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्र आहे असेच गृहीत धरावे लागते, हा मुद्दा लिंकनने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि नॅन्स नावाची स्त्री गुलामीच्या दाव्यातून सुटली. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८४७ मध्ये, कोल्स परगण्यात जेन ब्रायंट आणि तिची मुले कोर्टासमोर होती. केंटकीचा रॉबर्ट मॅट्सन त्यांना आपल्या इलिनॉयच्या शेतावर कामाला आणत असे आणि आता ती आपली मालमत्ता आहे म्हणून परत मागत होता. मॅट्सनच्या बाजूने लिंकन उभा राहिला. ही माणसे राज्यात फक्त तात्पुरती आणलेली आहेत, असा त्याचा युक्तिवाद. तो हरला. आई आणि मुले मुक्त झाली.

याचे समर्थन नेहमीच्या उत्तराने करता येते: वकिलाने आलेले वकीलपत्र नाकारू नये. त्या काळच्या सर्किटवर हा रिवाजही होता. मला हे उत्तर पुरत नाही. आरोपीचा बचाव करणे वेगळे, आणि मोकळ्या झालेल्या बाईला पुन्हा बेडीत घालण्यासाठी कोर्टाचे दार ठोठावणे वेगळे. अशी फाइल तुमच्याही टेबलावर येईल, बहुधा महिनाअखेरीला, भाडे थकलेले असताना.

लिंकनचा सगळ्यांत गाजलेला खटला १८५८ च्या मे महिन्यातला, बीअर्ड्सटाउनचा. चित्रपटवाल्यांनी तो तरुण लिंकनच्या गळ्यात घातला. प्रत्यक्षात तो एकोणपन्नाशीचा होता. न्यू सेलमच्या जुन्या मित्राचा मुलगा डफ आर्मस्ट्राँग खुनाच्या आरोपात अडकला होता आणि विधवा आईकडून लिंकनने पैसा घेतला नाही. साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास दीडशे फुटांवरून चंद्रप्रकाशात वार पाहिला, चंद्र डोक्यावर होता. लिंकनने घाई केली नाही. चंद्राबद्दल त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले आणि मग पंचांग पुढे केले: त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. चंद्र नव्हताच असे तो म्हणाला नाही, हे नीट लक्षात घ्या. साक्षीदाराला सुटायला वाट उरली नाही, एवढेच. आरोपी सुटला.

आणि डेव्हिस? १८६० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या उमेदवारीसाठी सूत्रे हलवली ती त्यांनीच, सर्किटवरच्या वकिलांना हाताशी धरून. १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. यादवीच्या काळात लिंकनच्या सरकारने नागरिकांना लष्करी आयोगांपुढे उभे केले होते. त्यांपैकी इंडियानाच्या लॅम्डिन मिलिगनला फाशीची शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १८६६ साली निकाली निघाले, तेव्हा लिंकन हयात नव्हता. नागरी न्यायालये चालू असताना नागरिकाला लष्करी आयोगापुढे उभे करता येत नाही, असे ठरले. निकालपत्र डेव्हिसनी लिहिले. तुम्ही आणीबाणीतला ए.डी.एम. जबलपूर निकाल परीक्षेसाठी वाचला आहेच. सनद हातात पडेपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत मिलिगनचा निकालही वाचून काढा.