एका मोहरेला एक गुण

मी खेळाच्या नियमांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांना वाटलं, विषय क्रिकेट. म्हणून हा फासा खिशात घालून आलो. याला वीस बाजू आहेत. पहिल्या रांगेला दिसत असतील, मागच्यांनी विश्वास ठेवावा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे लढवय्या, जादूगार, चोर असं एकेक पात्र घेतात. काय करणार ते तोंडानं सांगायचं, जमलं का ते फासा सांगतो. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. आणि दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते, की जुने खेळाडू भांडायला बसतात.

भांडण बहुधा गणितावरून सुरू होतं. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा लहान. साखळ्यांचं चिलखत म्हणजे पाच. पहिल्या पातळीच्या लढवय्याचा आकडा वीस. विसातून पाच गेले पंधरा, तेवढे फाशावर पडले तर वार लागला. समोरच्याचं चिलखत उणे दोन असेल तर? विसातून उणे दोन वजा करा. रात्री बारा वाजता. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच चिलखताचा आकडा पंधरा झाला. फासा टाका, आपली भर घाला, पंधरा गाठा. हिशेब जवळपास तोच, पण वजाबाकी गेली आणि नवखा माणूस टेबलावर टिकायला लागला.

खरा बदल मात्र गणितात नव्हता, बक्षिसात होता. सुरुवातीच्या नियमांत गुहेतून आणलेल्या सोन्याच्या एका मोहरेला अनुभवाचा एक गुण मिळे. ऑर्क नावाचा राक्षस मारला तर दहा-पंधरा, तेही वाटून. दुसरी पातळी गाठायला लढवय्याला लागत सुमारे दोन हजार. मग शहाणा माणूस काय करील? राक्षस झोपलेला असताना पेटी उचलील आणि पळ काढील. लढाई म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचा नियम ऐच्छिक झाला, तिसरीत गेलाच. आता गुण राक्षसाला हरवल्याचे. पुस्तकात हरवणं म्हणजे मारणंच असं नव्हतं, पण टेबलावर अर्थ तोच झाला. गुहा तीच, पेटी तीच, पण दरोडेखोरांचे शिकारी झाले. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. मोबदला कशाचा, एवढंच बदललं होतं.

मरणाचंही तसंच. जुन्या जादूगाराला पहिल्या पातळीवर जेमतेम एक मंत्र आणि जास्तीत जास्त चार जीव-गुण. मांजरीनं ओरबाडलं तरी संपला. आमच्याकडे पात्र दुसऱ्या पातळीला पोचेपर्यंत त्याचं बारसं करायचं नाही, असा रिवाज होता. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेला माणूस लगेच मरत नाही. तो फासा टाकत राहतो. तीनदा चुकायच्या आत तीनदा जमलं, तर जीव वाचतो. साहजिकच आता खेळाडू पहिल्या दिवशी पात्राचं नाव, गाव, सावत्र आई, सगळं लिहून आणतात.

चौथी आवृत्ती २००८ची, सगळ्यांत जास्त शिव्या खाल्लेली. तिनं लढवय्यालाही जादूगारासारखी ठरावीक कसबं दिली: काही हवी तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. सगळी पात्रं सारखीच वाटतात, अशी ओरड झाली. माझं मत सांगतो, लढवय्याला एवढा न्याय आधी कुणी दिला नव्हता, आणि आमच्या टेबलावर ओरडणारे बहुतेक जादूगार होते. पण ज्यांना ती नको होती त्यांची सोय झाली. तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली होते. त्यांवर पायझो कंपनीनं २००९ साली ‘पाथफाइंडर’ काढला, आणि जुनी आवृत्ती नव्या नावानं नांदू लागली.

हा परवाना आवळायचा प्रयत्न २०२३च्या जानेवारीत झाला. मसुदा फुटला, खेळाडू खवळले, आणि महिना संपायच्या आत हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. मूळ कर्त्याचा उल्लेख छापला की त्यांचं भाषांतर कुणीही करू शकतं, विकूही शकतं. ते मराठीत आणायला कुणाला हात लावायचा असेल, तर कार्यक्रमानंतर मला भेटा. मी दाराशी थांबतो.