धंदा म्हणून शेती: पाचवं काम कोण करतो?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



जो येतो तो आपल्याला सांगून जातो, 'शेती धंदा म्हणून करा.' मग धंदा चालवणं म्हणजे काय, ते एकदा पाहू.

फ्रान्समध्ये हेन्री फेयॉल नावाचा खाणीचा इंजिनिअर होता. कोळशाची मोठी कंपनी त्यानं कितीतरी वर्षं चालवली आणि १९१६ साली मांडलं, की कारभाऱ्याची कामं पाच: आखणी, जुळवाजुळव, हुकूम, मेळ आणि तपासणी. व्यवस्थापनाच्या कॉलेजात आजही थोड्याफार फरकानं हेच शिकवतात.

यातली पहिली चार कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवावीत? मृगाचा एक पाऊस पडला तर सरकी टोबायची की थांबायचं, दुबार पेरणीचं बियाणं कुठून आणायचं, पऱ्हाटीत तुरीची तासं किती, कडब्यापुरती ज्वारी किती, निंदणाला बाया कधी, हे सारं घरातली माय भाकरी थापता थापता ठरवते. हुकुमाचं म्हणाल तर बैल ऐकतो, पोरगं ऐकत नाही.

अडतं ते पाचव्या कामावर. ठरवलं काय, झालं काय, तफावत कुठं पडली, हे आकड्यांत पाहणं म्हणजे तपासणी. आपल्या वहीत बियाणं, खत, फवारणी येते, कारण दुकानदाराची पावती असते. नवरा-बायको वर्षभर राबली, त्याची पावती नाही. म्हणून ते फुकट! कृषिमूल्य आयोग पदरच्या खर्चाला 'ए-२' म्हणतो. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की 'ए-२ अधिक एफएल', स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की 'सी-२'. २०१८ पासून 'दीडपट हमीभाव' म्हणतात, तो या मधल्या आकड्याच्या दीडपट आहे, 'सी-२'च्या नव्हे. शिवाय आकडा साऱ्या देशाच्या सरासरीचा. एकरी तीन-चार क्विंटल पिकवणाऱ्याचा क्विंटलमागचा खर्च त्यात बसेल कसा?

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. पिकवणारा एक, विकणारा दुसरा, असा धंदा जवळपास तीस वर्षं चालला. कुठला कारखानदार हे सोसेल? ती योजना गेली, पण आजही आपला कापूस सावकार दारात येतो त्याच दिवशी विकला जातो.

व्यापारी मात्र तपासणी चोख करतो. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई, बाकी सरकी, असा हिशोब मांडूनच तो भाव बोलतो. आपण विचारतो, शेजाऱ्याला काय भाव मिळाला! सीसीआय आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यावर कपात करते, बारावर घेतच नाही. म्हणून दव उतरल्यावरच वेचा आणि कवडी कापूस वेगळा ठेवा. पाणी मारून वजन वाढवणारे आपल्यातही आहेत, त्यांनी कपातीचा हिशोब करून बघावा.

दहा शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते, कायदा २००२ चा आहे. पण वह्या नसताना कंपनी काढाल तर फक्त पाटी रंगवून होईल. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं पाच घरांच्या वह्या आणाव्यात, घरच्या मजुरीसकट. आकडे इथंच फळ्यावर मांडू.