चिठ्ठी कोण वाचतं?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका प्राथमिक शिक्षिकेने केलेले भाषण)



'शिक्षक आणि पालक यांच्यातला संवाद' असा विषय मला दिला आहे. ऐकायला बरा वाटतो. पण बीड जिल्ह्यातल्या ज्या भागात मी शिकवते, तिथे संवादाच्या नावाखाली आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट केली, ती म्हणजे तक्रार. मूल चुकलं की बापाला बोलावणं धाडायचं. बाप आला तर वर्गासमोर पोराला बडवायचा. नाही आला तर आम्ही म्हणायचो, 'या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही.' हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलं आहे.

२००१ साली माझ्याकडे सातवीत एक मुलगी होती. श्रावणापासून तिचे खाडे वाढले, गृहपाठ होईना. मी तिच्या वहीत चिठ्ठी लिहिली, 'मुलीचे अभ्यासात लक्ष नाही. असेच चालले तर नापास होईल. पालकांनी भेटावे.' कोणी आलं नाही. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, तीही गेली.

हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बाई, तुमची चिठ्ठी तिनंच वाचून दाखवली. घरात दुसरं वाचणारं कोण हाय? ह्यांनी ऐकलं अन् म्हणले, बाईच म्हणत्यात नापास होणार, मग मागं ठिवून काय करायचं?"

मी विचारलं, "वाचताना अडखळली का?"

"न्हाई. घडाघडा वाचली."

खाडे कशाने झाले, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. आईचं बाळंतपण झालं होतं. पाणी, भाकरी, तान्हं बाळ, सगळं या बारा वर्षांच्या पोरीवर. श्रावणातच त्या दारात जाऊन एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत होती? मी विचारला नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. ती चौदा वर्षांची होती. माझ्या चिठ्ठीने तिची शाळा सुटली असं मी म्हणत नाही. गरिबी होती, मुकादमाची उचल होती, वयात आलेल्या पोरीची धास्ती होती. पण बापाच्या हातात कारण मात्र मी दिलं.

तेव्हापासून मी चिठ्ठ्या बंद केल्या आणि घरी जायला लागले. जाता जाता कळलं, की आमचं सगळं वेळापत्रकच चुकीचं आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. त्या कोयत्याची उचल पावसाळ्यातच घेतली जाते. घरात कोण जाणार, कोण राहणार, हे तेव्हाच ठरतं. उचल खर्च झाल्यावर शिक्षणाचं महत्त्व सांगून काय उपयोग? आणि आमच्या सभा कधी? २६ जानेवारीला. महिला पालकांचा मेळावा ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. त्या दिवशी आमच्या मुलांच्या आया कारखान्याच्या फडात ऊस तोडत असतात!

मेळाव्याला मग येतं कोण? गावात राहिलेल्या आज्या. अन् आमच्या शाळेत या मेळाव्याला हळदीकुंकू जोडलेलं. एका वर्षी एक आजी नातीला घेऊन फाटकापर्यंत आली, आत कुंकवाचं ताट पाहिलं आणि तिथूनच मागे फिरली. नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली. सहा महिने त्या मुलीला सांभाळणारी तीच, आणि आम्ही तिलाच दारातून परत पाठवलं. तेही सावित्रीबाईंच्या फोटोसमोर! यावर शाळेत माझं बरंच भांडण झालं. शेवटी हळदीकुंकू बंद झालं. आता सगळ्यांना चहा देतो, आणि आजीशेजारी बसून नातीची वही उघडतो.

आईशी बोलायचं काय, हेही मला शिकावं लागलं. पूर्वी मी म्हणायची, 'घरी अभ्यास घेत जा.' जिला अक्षर येत नाही तिला हे म्हणणं म्हणजे तिचा पाणउतारा. आता मी आधी मुलीला काय येतं ते दाखवते. तिला आईसमोर वाचायला लावते. मग विचारते, ती उठते कधी, दिवसभर काय काय करते. उत्तर ऐकताना आईच्याच लक्षात येतं, की पोरगी वहीला हात लावते तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. आणि एक सांगते, भाकरी थापताना तिला विचारा, आज काय शिकलीस? तुम्हाला समजेल असं सांगायला लावा. याला लिहितावाचता यावं लागत नाही.

सहावीच्या वर्गात मी मुकादमाचा हिशोब मांडायला घेतला. किती टन तोडला, टनाला दर काय, उचल किती फिटली. घरोघरी मुली विचारायला लागल्या. एक आई मला म्हणाली, "बाई, हिला शिकवा. आमचा अंगठा, अन् कागद त्याचा." गणिताचं महत्त्व मी यापेक्षा चांगलं सांगू शकले नसते. (मुकादमांना ते आवडलं नाही, हे सांगायला नकोच.)

आता म्हणतात, घरी कशाला जाता, वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा धडे फोनवरून आले. पण फोन कोणाच्या खिशात? बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या. आजही माझ्या ग्रुपमध्ये आयांचे नंबर बोटांवर मोजावे लागतात. चिठ्ठी निदान मुलगी वाचत होती. शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात असं सांगितलं. नावं आहेत, सह्याही आहेत. खुर्चीवर कित्येकदा नवरेच असतात.

यंदा आम्ही पालकांची बैठक जुलैतच ठेवली आहे, संध्याकाळी, चूल उरकल्यावर. मारुतीच्या पारावर नाही, तिथे बाया बसत नाहीत. अंगणवाडीच्या ओट्यावर. तुमच्यातल्या ज्या त्या भागात काम करतात त्यांनी यावं, ही माझी विनंती. हंगामी वसतिगृहात मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते, हे मी आयांना सांगू शकते. पण आई विचारते, 'बाई, म्हातारी सासू डोळ्यानं अधू. रातच्याला माझ्या पोरीजवळ कोण झोपंल?' याचं उत्तर माझ्या एकटीकडे नाही.